पायाखालची भुई कोणाची?

वाचकहो,

परदेशातील गुलामगिरीचा धिक्कार करणे हे जगातील सर्वांत स्वस्त पुण्य आहे. त्याला गाडीभाडे लागत नाही, कोर्ट फी लागत नाही आणि शेजाऱ्याशी वैरही पत्करावे लागत नाही. आमच्या कर्जत-खालापूरच्या बाजूस सभा होतात, जयंत्या होतात. आफ्रिकेवरील अन्याय, वेस्ट इंडीजच्या बेटांवरील उसाच्या मळ्यांतला जुलूम यांवर तळमळीने भाषणे होतात. भाषण संपते, टाळ्या पडतात. आणि मंडपामागच्या माळावर कातकऱ्यांची जी वीस-पंचवीस खोपटी उभी असतात त्यांच्याकडे पाठ करून आपण घरी जातो. ती पाठ वळवावी एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

आमचे म्हणणे प्रथमच स्पष्ट करतो. वसाहत केवळ समुद्रापलीकडे असते असे नाही. ज्या भूमीवर व ज्या माणसांवर मालकी सांगितली जाते, परंतु ज्यांना घरचे घटक मानले जात नाही, ती वसाहत होय. या कसोटीस उतरणारी वसाहत मुंबईपासून आगगाडीने दोन तासांच्या वाटेवर, कर्जत व खालापूर या तालुक्यांत, आजही नांदत आहे. तिच्या बेडीचा सांधा शोधू गेल्यास तो खोपटाच्या पायाखालच्या जमिनीत सापडतो.

ही कसोटी आम्ही पदरची काढलेली नाही. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिली आहे. कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको हे बेट १८९८ सालच्या तहाने स्पेनच्या हातून अमेरिकेच्या हाती आले. पुढे एका व्यापाऱ्याने तेथून न्यूयॉर्कला संत्री आणली. सरकारने त्यावर जकात मागितली. व्यापारी म्हणाला, बेट आता अमेरिकेचे झाले. मग घरातल्या घरात जकात कसली? १९०१ साली न्यायालयाने निकाल दिला तो व्यापाऱ्याच्या विरुद्ध. त्यामागच्या मीमांसेचे सार एवढेच होते की, बेट अमेरिकेच्या मालकीचे आहे खरे, पण ते अमेरिकेचा घटक नाही. सबब, संविधानाने दिलेले सर्व हक्क तेथे आपोआप पोचत नाहीत. १९१७ साली त्या लोकांना नागरिकत्व मिळाले. तरीही बेटावर राहणाऱ्या नागरिकास आजतागायत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही, आणि तेथील विधिमंडळात त्यांचा जो प्रतिनिधी बसतो त्यास अंतिम मतदानाचा अधिकार नाही. कर्जाने बेट बुडाले तेव्हा २०१६ साली बेटाच्या तिजोरीवर बाहेरून नेमलेले मंडळ बसविण्यात आले. मालकी धन्याची, कर्ज कुळाचे आणि हिशेबाची वही पुन्हा धन्याकडे!

संत्र्यांच्या या खटल्याचे इंग्रजी पंडितांस भले नवल वाटो. महाराष्ट्रातल्या अस्पृश्याला त्यात नवल वाटण्यासारखे काय आहे? गावाच्या मालकीचा, पण गावाचा घटक नव्हे, हीच तर महारवाड्याची शतकानुशतकांची व्याख्या होती. मेलेले ढोर ओढायला महार गावाचा. पाणवठ्यावर आला की तो परका. सरकारी सांगावा घेऊन ऊनपावसात धावायला गावाचा. देवळाच्या पायरीशी मात्र परका. आणि परकीय म्हणविणाऱ्या इंग्रजाने हा करार मोडला काय? त्याने तो १८७४ च्या वतन कायद्यात नीट बांधून ठेवला. गावकऱ्याला फुकटचा राबता माणूस हवा होता, तसाच तो सरकारलाही हवा होता. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी ब्रिटिश राज्यकर्त्यांना तोंडावर विचारले होते की, तुम्ही येण्यापूर्वी अस्पृश्यतेमुळे आमची जी दुर्दशा होती ती दूर करण्यासाठी तुमच्या सरकारने केले काय? त्या प्रश्नाचे मर्म असे की, परका धनी आणि घरचा धनी यांचे भांडण अनेकदा वाटणीचे असते. ज्याच्या पाठीवर दोघे बसलेले असतात त्याच्या सुटकेचे ते नसते.

हे सूत्र हाती धरून आता आपल्या तालुक्यांकडे या.

मुंबईहून पुण्याकडे जाणारी आगगाडी कर्जत सोडून पळसदरीपासून बोरघाट चढू लागते. या घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. १८५९ च्या सुमारास पटकीने त्यांच्यात कहर केला. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज ठेकेदार येथे आला व थोड्याच दिवसांत वारला. त्याचे काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने पुढे चालविले, हे इतिहासात नोंदले आहे, आणि ते योग्यच आहे. पण जे हजारो मजूर त्याच दरडींखाली, त्याच पटकीत मेले त्यांची नावे कोठे आहेत? त्यांची गणतीदेखील अंदाजाने करावी लागते. तो मार्ग देशावरचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी हवा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर गुलामांच्या श्रमाचा तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पुरातला थेंबही घाटातल्या मजुराच्या ओंजळीत पडला नाही.

यानंतर जंगलाची पाळी आली. कातकरी हे नावच मुळी त्यांच्या धंद्यावरून पडले आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगर राखीव झाले, खैराला सरकारी मालकी लागली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका रात्रीत चोरी ठरला. डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरी पिकविणारे ठाकर व कातकरी यांना सरकारने दळीचे तुकडे नेमून दिले. कसण्याची परवानगी त्यांची, मालकी मात्र जंगल खात्याची. पुन्हा तीच व्याख्या! जंगल ज्याच्या हातून गेले त्याला मग जंगल तोडून कोळसा पाडणाऱ्या ठेकेदाराच्या भट्टीवर मजुरी करणे एवढाच मार्ग उरला. ज्या झाडाचा तो जाणता होता त्याच झाडाचा तो रोजंदारीवरचा मारेकरी झाला.

तिसरी पाळी पाण्याची. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण, शिरवटे येथे धरणे बांधून अडविलेले पाणी सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीस आणून १९१५ साली वीज निर्माण होऊ लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. येथे भांडवल देशी होते हे विसरू नका. आम्ही त्या उद्योगाची निंदा करीत नाही. बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना जलविद्युत योजनांचे मोठे पुरस्कर्ते होते. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या तारा आमच्या शिवारावरून मुंबईकडे गेल्या त्यांच्याखालच्या वाड्यांत दिवा लागायला किती पिढ्या जाव्या लागल्या? जेथून संपत्ती निघते तेथे अंधार आणि जेथे ती जाते तेथे झगमगाट, हा प्रकार बेटांवर घडला की त्यास वसाहतवाद म्हणावयाचे, आणि खोपोलीस घडला की त्यास प्रगती म्हणावयाचे, हा कुठला न्याय?

या ताऱ्यांखालच्या अंधाराचे मर्म जाणणारा एक वकील याच तालुक्यात होऊन गेला. माथेरानला नाभिक समाजात जन्मलेल्या विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून धान्याची कोठारे उघडली. पावसाळ्यात धान्य उसने द्यावे आणि सुगीला ते परत घ्यावे, एवढी साधी ती योजना होती. १९४२ साली त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्यांचे स्मरण होते. हार घातले जातात. पण मनोऱ्यांची आठवण ठेवून आपण कोठारांचा विसर पाडला आहे. इंग्रजाविरुद्धची त्यांची लढाई १९४७ साली संपली. सावकाराविरुद्धची संपलेली नाही. आता त्या सावकाराचे नाव मुकादम आहे.

मुकादमीचे हे यंत्र कसे चालते ते पाहा. पावसाळ्यात कातकऱ्याच्या हाताला काम नसते व चुलीवर भांडे नसते. त्या वेळी वीटभट्टीवाल्याचा मुकादम वाडीवर येतो आणि नवराबायकोच्या जोडीला उचल देतो. दिवाळी झाली की जोडी पोराबाळांसह भट्टीवर जाते. पोराचे शाळेतले नाव हजेरीपटावर राहते. पोर भट्टीवर विटा उलथीत बसते. मजुरी हजार विटांच्या दराने ठरते, आठवड्याला खर्चीपुरते पैसे हातावर टेकवले जातात, आणि पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो. हिशेबाची वही धन्याची, आकडे धन्याचे, वाचणाराही तोच. बहुधा शेवटी कळते की बाकी अंगावर फिरली आहे. ती फेडायला पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा त्याच भट्टीवर! प्वेर्तो रिकोच्या तिजोरीवर बसलेले मंडळ आणि ही वही यांत लांबीरुंदीचा फरक आहे, जातीचा नाही.

कोणी म्हणेल, कायदा नाही काय? आहे, आणि चांगला आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारी निषिद्ध केली आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे प्रत्येक कर्ज रद्दबातल ठरविले आहे. इतकेच नव्हे, तर हे कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर टाकला आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले कामही सक्तीचे श्रमच होत असा निर्णय दिला. १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात मजुराच्या बाजूने गृहीत धरण्याचे तत्त्व सांगितले. मग असा बळकट कायदा असता कातकरी अर्ज का करीत नाही?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुस्तकात सापडले नाही. ते कोर्टाच्या आवारात एका म्हाताऱ्या कातकऱ्याने दिले. त्याच्या वाडीखालची जमीन मूळ मालकाने शहरातल्या कोणास विकली होती आणि नव्या मालकाने कुंपण घालावयास आरंभ केला होता. म्हाताऱ्याने फडक्यातून मतदाराचे ओळखपत्र काढले, शिधापत्रिका काढली, घरपट्टीच्या पावत्या काढल्या. मग सातबाऱ्याचा उतारा आमच्या हाती देऊन म्हणाला, "साहेब, घर माझ्या बापाने बांधले. यात माझे नाव कुठे आहे तेवढे वाचून दाखवा."

नाव कोठेच नव्हते. इतर हक्काच्या रकान्यातदेखील नव्हते.

"बाबा, इतकी वर्षे गप्प का बसलात?" आम्ही विचारले.

तो म्हणाला, "मालकाच्याच ओळखीने भट्टीची उचल मिळते. तोंड उघडले तर उचल जाईल, आणि घरही जाईल."

त्या दाव्यात तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. दावा अजून चालू आहे. पण त्या दिवशी एक गोष्ट आमच्या मनात पक्की बसली. ज्याच्या खोपटाखालची भुई दुसऱ्याची, तो उचल नाकारू शकत नाही, धन्याविरुद्ध साक्ष देऊ शकत नाही, आणि मतपेटीपाशीही तो पुरता मोकळा नसतो. २३ वा अनुच्छेद, १९७६ चा कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय हे सारे त्या खोपटाच्या उंबऱ्यापर्यंत येतात आणि तेथे थबकतात. कारण उंबऱ्याखालचा दगड धन्याचा असतो.

पूर्वी त्या माळास मोल नव्हते, तोवर मालकालाही कातकऱ्याची अडचण नव्हती. शेतावर राबणारा हाताशी राहिला तर त्याला हवाच होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर शहरवाल्यांचे बंगले व फार्महाऊस उभे राहू लागले, तेव्हा माळाला सोन्याचा भाव आला आणि कातकरी अतिक्रमणदार ठरला. म्हणजे मालक जमीन विकतो तेव्हा त्या जमिनीवरच्या माणसांच्या तीन पिढ्यांची विल्हेवाट खरेदीखताच्या एका ओळीत लागते, आणि ती ओळ त्यांना कोणी वाचूनही दाखवीत नाही.

आता पुन्हा त्या बेटाकडे वळू. कारण हाच प्रश्न तेथे होता, आणि त्याची दोन्ही उत्तरे एकाच वर्षी मिळाली. प्वेर्तो रिकोत मळेवाल्याच्या जमिनीवर त्याच्या मर्जीने खोपट बांधून राहणाऱ्या व त्याच्याच मळ्यात राबणाऱ्या भूमिहीनास आग्रेगादो म्हणत. आपला कातकरी आणि तो आग्रेगादो यांत भाषेवाचून अंतर नाही. कोणत्याही कंपनीने पाचशे एकरांहून अधिक जमीन बाळगू नये असा निर्बंध १९०० सालीच झाला होता. चाळीस वर्षे तो कागदावर निजून राहिला आणि साखर कंपन्यांचे मळे त्याच्या उशाशी वाढत गेले. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने तो लागू करण्याचा अधिकार मान्य केला, आणि १९४१ साली बेटाच्या विधिमंडळाने जमीन कायदा करून आग्रेगादोंना राहत्या घरासाठी स्वतःचे तुकडे देण्यास आरंभ केला. धन्याच्या जमिनीवर राहणारा माणूस धन्याच्या सांगण्यावरून मत देतो, हे जाणूनच तो कायदा केला गेला. परंतु त्याच १९४१ साली, त्याच प्रदेशातील व्येकेस या लहान बेटावर नौदलाने जमिनी घेतल्या. तेथे मळेवाल्यांना मोबदला मिळाला. आग्रेगादोंच्या नावे जमीन नसल्याने त्यांच्या वाट्याला मुख्यतः घर मोडणे आले. नौदल तेथून गेले ते २००३ साली.

यातून दोन बोध निघतात. कायदा केल्याने हक्क मिळत नाही. कायद्याला उठविणारा कोणी असावा लागतो. आणि ज्याचे नाव कागदावर नाही त्याला नुकसानीच्या दिवशीसुद्धा मोजले जात नाही.

हा दुसरा बोध आम्हांला समुद्रापलीकडून आणण्याची गरज नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ती वाडी झोपेत गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली, आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबले. खाली द्रुतगती मार्गावरून मोटारी धावत होत्या, आणि वर वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीस जाणाऱ्यांना चिखलातून डोंगर चढून जावे लागले. दरड निसर्गाने पाडली हे खरे. पण माणसांनी त्या कड्याखालीच राहावे ही व्यवस्था निसर्गाने केलेली नाही. सखल व सुरक्षित भूमीवर ज्यांच्यासाठी जागा राखलेली नसते, त्यांना डोंगराची कड वाट्याला येते.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप असा की, कातकऱ्याला पैसा टिकविता येत नाही, तो दारूत घालवितो, त्याचे दारिद्र्य त्याच्याच हातचे आहे. वाचकहो, ही वाक्ये ओळखीची वाटत नाहीत काय? हीच वाक्ये, अक्षरशः हीच, आपल्या बापजाद्यांविषयी बोलली जात होती. मळेवालाही आपल्या मजुराविषयी हेच बोलत आला आहे. ज्याला घराची भिंत उद्या उभी राहील याची शाश्वती नाही, त्याने परवाची तरतूद कोणत्या कोनाड्यात करावी?

दुसरा आक्षेप कायद्याचा. जमीन खासगी मालकीची आहे. मालकाचा हक्क संविधानाने राखला आहे. मान्य. पण हक्क एकट्या मालकाचाच आहे काय? मुंबई राज्याच्या १९४८ च्या कुळकायद्याने कुळांच्याच नव्हे, तर शेतमजूर व कारागिरांच्याही राहत्या घरांना संरक्षण दिले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १२२ ने गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास दिला. वाडी वनजमिनीवर असेल तर २००६ चा वनहक्क कायदा आहे. आदिम जमातींच्या वसतिस्थानाचा हक्क तो वेगळा मान्य करतो, आणि कातकरी ही महाराष्ट्रातील अशा तीन जमातींपैकी एक आहे. मालकाला वाजवी मोबदला देऊन वाडीला गावठाण द्यावे, यात घटनाबाह्य असे काय आहे? धरणासाठी, रस्त्यासाठी, कारखान्यासाठी जमीन घेता येते. मग माणसासाठीच ती घेता येत नाही काय?

येथे एक मौजही सांगावीशी वाटते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून त्याच महसूल अधिनियमात कडक तरतूद आहे. पण ज्याला मुळात जमीनच नाही त्याला तिचा उपयोग काय? कुलूप दिले, दार दिलेच नाही. शिवाय रायगड जिल्ह्याचा कोणताही भाग अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या आदिवासी ग्रामसभेस १९९६ च्या कायद्याने जे अधिकार मिळाले, ते कर्जतच्या कातकऱ्यास नाहीत. डोंगर तोच, माणूस तोच. नकाशावरची रेघ मात्र आड येते. संत्र्यांच्या खटल्याची आठवण होते ती उगाच नव्हे.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो, आणि तो आम्हांस सर्वांत जड वाटतो. ते म्हणतात, हा आदिवासींचा प्रश्न, आपण बौद्ध, आपली दुःखे का थोडी आहेत? या बांधवांस आम्ही नम्रपणे विचारतो, बाबासाहेबांचे चरित्र आपण वाचले आहे ना? मुंबई सरकारने स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या ज्या समितीने १९३० साली अहवाल दिला, तिच्या नावातच अस्पृश्य वर्ग व आदिवासी जमाती अशी दोघांची जोड होती, आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनाच्या प्रबंधात त्यांनी हिंदू समाजास जाब विचारला की, आदिवासी तुमच्या शेजारी हजारो वर्षे राहिले, त्यांना तुम्ही आपले का मानले नाही? ज्या कुलाबा जिल्ह्यात महाडचा संगर झाला, ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या लढ्याच्या पाठीशी उभे राहून त्यांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तोच हा आजचा रायगड जिल्हा. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील निग्रो समाजाचे विद्वान पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या चळवळीची माहिती मागविली. त्यांची दृष्टी महाडच्या तळ्यापासून न्यूयॉर्कपर्यंत पोचत होती; आपली बौद्धवाड्यातून पलीकडच्या कातकरवाडीपर्यंतही पोचू नये काय?

आणि आणखी कटू बोलणे भाग आहे. जातीची उतरंड अशी रचलेली आहे की, खालच्यालाही आपल्या खाली कोणीतरी सापडतो आणि त्यातच तो समाधान मानतो. कातकरी आपल्याही पंगतीस नसतो. कातकऱ्याला आपल्याही ओसरीवर अंतरावर बसविले जाते. भट्टीसाठी माणसे गोळा करणाऱ्या मुकादमांत आपला एखादा भाऊबंद दिसला की आपण मान फिरवतो. कमाई करतो आहे, करू द्या, म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जी दीक्षा झाली ती असली मान फिरविण्यासाठी नव्हती. भगवान बुद्धांनी उपासकास जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रे, मद्य व विष यांच्याबरोबर प्राणिमात्रांचा व्यापार आहे, आणि प्राण्यांत माणूस आलाच. उचल देऊन माणसाचे अंग वर्षभरासाठी बांधून घेणे हा माणसाचाच व्यापार आहे. तो करणारा सम्यक आजीव पाळीत नाही. त्याच्या दारावर कितीही मोठे निळे निशाण फडकत असो.

मग करावयाचे काय? ठराव पुरे झाले. प्रत्येक बौद्धवाड्याने आपल्या शेजारची एक वाडी निवडावी. त्या वाडीत किती घरे आहेत, ती किती वर्षांची आहेत, जमीन कोणाच्या नावे आहे, घरपट्टीच्या पावत्या कोणाकडे आहेत, याची वही भरावी. धन्याच्या वहीला उत्तर देणारी ही पहिली वही होय. तिच्या आधारे ग्रामसभेत गावठाणाचा ठराव मांडावा, आणि कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. वनजमीन असेल तेथे वनहक्काचा दावा करावा. भट्टीच्या हिशेबाच्या दिवशी वाचता येणारा एक तरुण मजुराबरोबर जावा. कोणी अडवून ठेवला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे १९७६ च्या कायद्याने मुक्तीचा दाखला मागावा. आणि जे मुकादमीत आहेत त्यांना विहारात बोलावून एकदा शांतपणे विचारावे की, पंचशील घेताना तुम्ही काय म्हणालात?

घरकुलाच्या योजना येतात. आदिम जमातींसाठी २०२३ साली केंद्र सरकारने नवी मोठी योजना काढली. ते चांगलेच आहे. पण ज्याच्या पायाखाली स्वतःची चार हात भुई नाही, त्याचे घरकुल कोठे उभे करणार? प्रथम भुई, मग भिंत, मग छप्पर; हा क्रम गवंड्याला कळतो, तो सरकारास कळू नये याचे आश्चर्य वाटते.

वाचकहो, आपण गावकुसाबाहेरून उठून आलो. गावाच्या मालकीचे, पण गावाचे घटक नव्हे, ही व्याख्या आपण वतन टाकून आणि धर्म टाकून मोडली. ती मोडण्याचे शास्त्र ज्याला अवगत आहे त्याने शेजाऱ्याच्या दारात तीच व्याख्या जिवंत राहू द्यावी, याहून मोठी कृतघ्नता कोणती? त्या म्हाताऱ्याने सातबारा आमच्या हाती दिला तेव्हा त्याला आमच्याकडून दया नको होती. उताऱ्यावर आपले नाव वाचून दाखविणारा माणूस त्याला हवा होता. ते नाव तेथे येईपर्यंत हे काम आपले आहे.

जय भीम.